विमानप्रवासाचा घरपोच हिशेब



धान्याची खरेदी करताना कोणीही सुज्ञ व्यापारी केवळ मंडीतील बोली पाहून थांबत नाही. हमाली, तोलाई, बारदान, वाहतूक व घट मिळवून माल आपल्या गोदामात काय भावाने आला, हेच तो पाहतो. विमानप्रवासाच्या बाबतीत मात्र हा साधा नियम आपण विसरतो. "इंदूर ते मुंबई सव्वा तास" असे आपण सहज म्हणतो. परंतु तो भाव बोलीचा होय, घरपोच नव्हे.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू मुंबईस अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. मी तत्काळ सिमरोलहून निघालो. तेजाजीनगरजवळ वाहनांच्या रांगेत अडकलो आणि नोंदणीची मुदत टळल्यावर दहा मिनिटांनी विमानतळावर पोहोचलो. पुढील विमानाने गेलो, तेव्हा बंधूंची वाचा गेलेली होती. आकाशातील वेळ एका मिनिटानेही वाढला नव्हता. घात झाला तो जमिनीवर.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रवासाचा हिशेब मांडतो. सिमरोलचे घर ते इंदूरचे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, सव्वा तास. तेथे तपासणी व प्रतीक्षा, दोन तास. उड्डाण, एक तास वीस मिनिटे. उतरून सामान मिळेपर्यंत चाळीस मिनिटे. पुढे मोटारीने काळबादेवी, सव्वा तास. एकूण साडेसहा तास. त्यात विमानाचा वाटा केवळ एक पंचमांश! म्हणजे विमान कितीही वेगवान केले, तरी बचत अल्पच. खरी बचत दोन्ही टोकांना आहे.

युरोपातील तज्ज्ञांनी हेच ओळखले. २०११ साली तेथे २०५० पर्यंतचे असे ध्येय ठरविण्यात आले की, युरोपांतर्गत प्रवास करणाऱ्या शंभरांपैकी नव्वद प्रवाशांनी घरापासून इच्छित स्थळी चार तासांत पोहोचावे. मोजमाप धावपट्टीपासून नव्हे, उंबरठ्यापासून!

आपल्याकडेही आरंभ झाला आहे. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिची स्थानके विमानतळाच्या दोन्ही इमारतींपाशी आहेत व काळबादेवीसही आहे. त्यामुळे रस्त्यावरील कोंडीची धास्ती उरत नाही. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ रोजी गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर या सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर सुरू झाली. तिच्या संपूर्ण आराखड्यात विमानतळही आहे. तथापि खंडवा रस्त्यावरील आम्हां ग्रामस्थांस मेट्रोपर्यंत पोहोचविणारी, विमानांच्या वेळा सांभाळणारी बस लाभल्यावाचून ही साखळी पूर्ण होणार नाही.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? नोंदणी आदल्या दिवशी घरूनच मोबाईलवर करावी. शक्य तो हातातील पिशवीवरच भागवावे, म्हणजे सामानाच्या पट्ट्यापाशी तिष्ठावे लागत नाही. वृद्धांसाठी चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. रस्त्यासाठी अर्धा तास घट म्हणून आधीच धरावा. आणि एकाच विमानाने जाणाऱ्या सभासदांनी आपल्या संस्थेमार्फत एकत्र मोटार ठरवावी. खर्च विभागला जाईल व वृद्ध मंडळींस सोबतही मिळेल.

ज्या घटीची नोंद वहीत होत नाही, ती भरूनही निघत नाही. वेळेच्या बाबतीतही हेच खरे. माझ्या वहीतील ती दहा मिनिटे आजही येणेच आहेत. आपल्या वहीत तशी बाकी न राहो, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.