पाणवठ्याची वाट मोकळी ठेव

पोरी, उद्यापासून तू मोहर्ली गेटवर गाईड म्हणून उभी राहशील. आधी पाण्याचं ऐकून घे.

ताडोब्यात पाहुण्यांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते. पानगळ होऊन जंगल उघडं पडलेलं असतं, नाले आटतात आणि सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. म्हणून तर वाघ दिसतो. आपला हंगाम तो जनावरांच्या तहानेचा काळ, हे ध्यानात ठेव.

जिप्सी पाणवठ्याच्या तोंडाशी लावू देऊ नको. वाघाचे पगमार्क, चितळांचे खूर कोणत्या बाजूनं उतरलेत ते मातीत बघ. ती वाट सोडून गाडी बाजूला घ्यायला लाव, इंजिन बंद करायला सांग. वाटेवर गाड्या आडव्या लागल्या तर पिल्लांची वाघीण झुडपातच बसून राहते, पाण्यावर येत नाही. अंतराचंही ऐक. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे आतल्या गाभ्यातलं, पर्यटन थांबवलं होतं. ते नव्या नियमांवरच पुन्हा सुरू झालं. जनावरापासून वीस मीटर हा त्यातलाच नियम. पिल्लं असतील तर तू चाळीस धर.

जनावरांचा इशाऱ्याचा कॉल ऐकला की ड्रायव्हरचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. त्याला हळूच म्हण, 'भाऊ, सावकाश.' उडालेली धूळ रस्त्याकडेच्या पाल्यावर बसते आणि तोच पाला सांबराला खायचा असतो.

पाहुण्याशी जे बोलायचं ते गेटवरच बोलून घे. आत वाघ दिसल्यावर कोणी ऐकत नाही. गाडी वाघाजवळ न्यायला कोणी जास्त पैशाची लालूच दाखवेल, नाही म्हण. तलावातली मगर दाखव, मोहाखालचं अस्वल दाखव, रानकुत्री दाखव. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं ते काही एकट्या वाघासाठी नाही. नजर अशी पसरली की एका वाघामागची गाड्यांची रांगही कमी होते.

आता गावाचं. सफारीनं आपल्या पोरापोरींना काम दिलं, त्याबद्दल मला समाधान आहे. पण कोअरभोवतीच्या बफरमध्ये रिसॉर्ट वाढले, त्यांच्या पोहण्याच्या तलावांना पाणी लागतं आणि ते बहुतेक जमिनीतूनच उपसलं जातं. आपल्या विहिरींचे झरेही तिथलेच. ग्रामसभेत नव्या रिसॉर्टचा विषय निघाला तर मागे बसू नको. उभी राहा आणि विचार, मे महिन्यात आमच्या विहिरीला पाणी किती राहील?