वाहाकात मृतांच्या सणाला जाताना

दक्षिण मेक्सिकोतलं वाहाका हे स्पॅनिश राजवटीत वसलेलं शहर. हिरवट दगडातली चर्चं, काटकोनात आखलेल्या गल्ल्या, सखल रंगीत घरं. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या दिवसांत इथे ‘दिया दे मुएर्तोस’ असतो. घरातली गेलेली माणसं वर्षातून एकदा जेवायला येतात, ही त्यामागची श्रद्धा. पितृपक्ष पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो तिथे वागताना. कुणी जत्रा समजून धिंगाणा घालतं, कुणी सुतकी चेहऱ्याने वावरतं. दोन्ही चुकीचं.

जाण्याआधी

खोली काही महिने आधी घ्या. आयत्या वेळी मिळालीच तर दुप्पट पैसे आणि शहराबाहेर.

मेक्सिको सिटीहून विमानाने तासाभराचा प्रवास आहे. बसला सहा-सात तास लागतात आणि रस्ता घाटाचा आहे. गाडी लागत असेल तर निघण्याआधी हलकंच खा.

शाल किंवा स्वेटर न्या. शहर सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे. दुपारी ऊन लागतं, पण दफनभूमीत रात्र काढायची तर थंडी बोचते.

जेम्स बाँडच्या चित्रपटातली ती भव्य मिरवणूक इथे शोधू नका. ती २०१५च्या ‘स्पेक्टर’साठी रचलेली होती, मेक्सिको सिटीने ती खरोखर काढायला सुरुवात केली २०१६पासून. आधी सिनेमा, मग परंपरा! वाहाकातले सोहळे गल्लीबोळातले आणि गावागावांतले असतात.

दफनभूमीत

३१च्या रात्री होहोकोत्लानला (तिथले लोक नुसतं ‘होहो’ म्हणतात) किंवा आत्सोम्पाला, म्हणजे शहरालगतच्या गावांत जा. घरची मंडळी कबरी धुऊनपुसून झेंडूने मढवतात, मेणबत्त्या लावतात आणि रात्रभर तिथेच बसून राहतात. झेंडूला तिथे सेंपासूचिल म्हणतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला तो हाच, आणि त्याचं माहेर मेक्सिको. सोबत कोंबड्याच्या तुऱ्यासारखी गडद लाल फुलं आणि कोपाल या डिंकाचा धूर. कोपालचा वास देवघरातल्या धुपाच्या इतका जवळचा आहे की क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

आत शिरताना ‘बुएनास नोचेस’ म्हणा. एवढ्यानेच निम्मे चेहरे सैल होतात.

हातात चार फुलं किंवा एखादी मेणबत्ती असू द्या. जिथे कुणी आलेलं नाही अशा कबरीवर ती ठेवलेली कुणालाच खटकत नाही.

कबरीवर पाय देऊ नका. दोन कबरींमधली वाट वीतभर असते आणि अंधारात कडा दिसत नाहीत, म्हणून सावकाश चाला. ओढणी-पदर खोचून घ्या. पायाशी शेकडो ज्योती असतात.

फोटो विचारूनच काढा. ‘उना फोतो?’ म्हणत कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं तरी पुरतं. मान हलली नाही तर कॅमेरा खाली. फ्लॅश नको, तिपाई नको, आणि ड्रोन तर अजिबात नको. श्राद्धाच्या पानावर वाकून कुणी परक्याने फोटो काढले तर आपल्या आजीने काय केलं असतं, ते आठवावं.

हसू दाबू नका. शेजारच्या कबरीवर गिटार वाजेल, मुलं खाऊ खातील, मेझकल या दारूचा पेला फिरेल. पेला पुढे आला तर एक घोट घ्यावा; घेत नसाल तर छातीवर हात ठेवून ‘ग्रासियास’ म्हणावं. दारूवर प्रवचन देऊ नये. ‘किती वाईट झालं हो’ असं सांत्वनही करू नये. तिथे पाहुणा आलाय, त्याच्या स्वागताची वेळ आहे.

आणि हॉटेलवर परतल्यावर आंघोळ करायची असेल तर करा, पण यजमानासमोर ‘स्मशानातून आलो’ म्हणून नाक मुरडू नका.

रस्त्यावर

१ नोव्हेंबरच्या रात्री सान अगुस्तीन एत्ला या गावी ‘मुएर्तेआदा’ असते: आरसे आणि घुंगरं लावलेले जड पोशाख, पितळी वाद्यांचा बँड आणि उजाडेपर्यंत नाच. इथे मनसोक्त नाचा. जाण्यायेण्याच्या गाडीचं मात्र दिवसाच ठरवून ठेवा.

चेहऱ्यावर कवटी रंगवून घ्यायला हरकत नाही. ती नटवी ‘कात्रिना’ म्हणजे पोसादा या चित्रकाराने शतकापूर्वी श्रीमंतीच्या मिजाशीची केलेली थट्टा. रक्ताळलेले भुताखेतांचे मुखवटे मात्र घरी ठेवा, आणि या सणाला ‘मेक्सिकोचं हॅलोविन’ म्हणू नका.

जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं दिसतील. रांगोळीभोवती जसं चालतो तसंच चाला.

ओफ्रेंदा आणि जेवण

ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्यांसाठी मांडलेलं पान: फोटो, पाणी, मीठ, फळं, चॉकलेट, त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ, कधी सिगारेटचं पाकीटसुद्धा. हॉटेलातली असो वा घरातली, हात लावू नका, त्यातलं काही उचलू नका. कुणी घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पाव, चॉकलेट, फुलं यांतलं काहीही चालतं. आधी ओफ्रेंदापाशी थांबायचं, मग खुर्ची.

फोटोतल्या माणसाबद्दल विचारा. ते लोक आनंदाने बोलतात.

शाकाहारी असाल तर खरी परीक्षा इथे आहे. काळा ‘मोले’ हा मिरच्या, तीळ, मसाले आणि चॉकलेट वाटून केलेला रस्सा दिसतो आपल्या वाटणासारखाच, पण बहुधा कोंबडी किंवा टर्कीच्या पाण्यात शिजवलेला असतो. त्लायुदा या मोठ्या कुरकुरीत भाकरीवर चरबी फासतात. ‘सिन कार्ने, सिन आसिएंतो’ (मांस नको, चरबी नको) एवढं पाठ करा. तामालेस या मक्याच्या उकडलेल्या पदार्थाच्या पिठातही सहसा डुकराची चरबी असते. बाजारात टोपलीभर तिखट लालसर काही दिसलं तर ते नाकतोडे आहेत. मिरच्या समजून मूठ भरू नका.

‘पान दे मुएर्तो’ हा या दिवसांतला पाव. पोर्तुगीजांकडून आलेला आपला ‘पाव’ आणि स्पॅनिश ‘पान’ ही सख्खी भावंडं. वाहाकात त्यावर पिठाचा छोटासा रंगवलेला चेहरा बसवलेला असतो. पिठात अंड्याचा बलक असतो, हे आधीच सांगून ठेवतो. निघताना घरच्या बाईने हातात एक ठेवला तर ‘नको नको’ची आपली तालीम सुरू करू नका. घ्या, आणि त्याच संध्याकाळी पाण्यात घुसळलेल्या गरम चॉकलेटात बुडवून खा. दुसऱ्या दिवशी तो वाळतो.