मोत्याचे गोचीड आणि खाज

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. तो मला रंगदास स्वामींच्या यात्रेत, आमटीभाकरीच्या पंगतीपाशी सापडला. तेव्हा तो एवढासा होता. आमच्या भागात बिबट्याची भीती असते, म्हणून रात्री त्याला बाहेर ठेवत नाहीत. तो शेळ्यांबरोबर गोठ्यात झोपतो. तिथूनच सगळा घोटाळा झाला.

गणपतीनंतर मोत्या सारखा खाजवायला लागला. कानात बघितलं तर करडे, फुगलेले दाणे. ते गोचीड होते. कानाच्या कडेचे आणि कोपरावरचे केसही गेले. आजोबा म्हणाले, "घरात लहान पोर आहे. आठ दिवसांत बरं झालं नाही तर ह्याला घाटात सोडून येईन." घाटात सोडलं तर काय होईल ते सर्वांना माहीत आहे. मी रात्री जेवलो नाही.

मग मी एक चूक केली. ती इथे लिहायला बाईंनी सांगितलं नव्हतं, पण लिहितो. खरजेला ट्रॅक्टरचं काळं ऑइल लावतात असं मी ऐकलं होतं. कोणाला न विचारता मी ते मोत्याच्या अंगावर चोळलं. त्याने ते चाटलं आणि रात्रभर ओकला. आईने सकाळी पीठ चोळून आणि साबणाने धुऊन ते काढलं. काळं ऑइल कातडी भाजतं आणि पोटात गेलं तर विष आहे. कोणीही लावू नये.

बाईंना सांगितल्यावर त्यांनी परिसर अभ्यासाच्या तासाला गोचीडच शिकवला. एक गोचीड बाटलीत घालून आणला होता. आम्ही पाय मोजले. आठ भरले! कीटकाला सहा पाय असतात, म्हणून गोचीड हा कीटक नाही. तो कोळी आणि विंचू यांच्या घराण्यातला आहे. पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. मादी रक्त पिऊन फुगते, खाली पडते आणि भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. कुत्र्याचा गोचीड तर जन्मात तीनदा रक्त पितो आणि दरवेळी खाली उतरतो. म्हणजे आपल्याला अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे गोठ्यात लपलेले असतात. मी मोत्याला दहा वेळा धुतलं असतं तरी ते पुन्हा चढले असते.

औषधाची कृती बाईंनी फळ्यावर लिहून दिली. ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाई-म्हशींसाठी सांगितलेली आहे. हे मंडळ १९६५ साली गुजरातमध्ये आणंद येथे स्थापन झालं. (नाव आमच्या आण्यासारखंच आहे, म्हणून माझ्या लगेच लक्षात राहिलं.) लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, निंबोळ्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ आणि तुळशीचा पाला एक मूठ. सगळं वाटून १ लिटर पाण्यात मिसळायचं आणि फडक्याने गाळायचं. ऊन असताना अंगाला लावायचं, आठवड्यातून एकदा. उरलेलं गोठ्याच्या फटीफटीत शिंपडायचं.

वेखंड आणि हळद सोडून आम्हाला काहीच विकत आणावं लागलं नाही. निंबोळ्या आजीने आषाढात वेचून वाळवल्या होत्या. घाणेरी बांधावर पाहिजे तेवढी. ती तोडताना शेळ्यांना लांब बांधलं, कारण घाणेरी खाल्ली की जनावराला कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. पाटावरवंटा आजीने नंतर तीनदा धुतला आणि मला पुष्कळ बोलली.

शेळ्यांना हे औषध लावलं. मोत्याचं मात्र वेगळं केलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याचं रक्त कमी होतं आणि मोत्या सगळं चाटतो. म्हणून त्याला नुसता कडुनिंबाचा पाला उकळून, थंड करून, त्या पाण्याने अंघोळ घातली. डोळ्यांत जाऊ दिलं नाही. मांजराला तर तेल, अर्क काहीच लावू नये. ते दिवसभर स्वतःला चाटत बसतं. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. आईने ती घरात आणूच दिली नाही.

कानातले गोचीड आईने चिमट्याने, अगदी मुळाशी धरून सरळ ओढून काढले आणि साबणाच्या पाण्यात टाकले. बोटाने चिरडायचे नाहीत, कारण त्यांच्या रक्तातून रोग येऊ शकतो. जंगलातल्या एका जातीच्या गोचिडामुळे माणसाला माकडताप येतो. हा रोग १९५७ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडला आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती.

वडिलांनी गोठ्याच्या भेगा मातीने लिंपल्या आणि वरून चुना मारला. हे काम सर्वांत कंटाळवाणं होतं, पण गोचीड त्यानेच हटले असं मला वाटतं. आजी म्हणते पाल्याने. आमचं अजून भांडण आहे.

गोचीड कमी झाले तरी मोत्याचे केस येईनात. उलट माझ्या मनगटावर पुळ्या आल्या. तेव्हा आजोबा स्वतःच त्याला मोटारसायकलवर पोत्यात बसवून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कातडी जरा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती खरूज निघाली. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही, तो कातडीच्या आत बीळ करून राहतो, म्हणून वरून पाण्याने धुऊन तो जात नाही. डॉक्टर म्हणाले, "कडुनिंबाने खाज थोडी थांबते, पण केस गेले, अंगाला वास आला किंवा ताप आला की इकडे यायचं." मोत्याचं वजन ११ किलो भरलं. वजनाप्रमाणे इंजेक्शन दिलं, पुन्हा १४ दिवसांनी दुसरं. माझ्या पुळ्यांना आपल्या दवाखान्यातून मलम आणलं.

मी दर रविवारी मोत्याचे गोचीड मोजून वहीत लिहितो. पहिल्या रविवारी ४३, दुसऱ्या रविवारी १९, तिसऱ्या रविवारी ६. कोपरावर आता बारीक लव आली आहे. आजोबा घाटाचं नाव काढत नाहीत. काल दोनच निघाले, दोन्ही डाव्या कानात.