दसरा-दिवाळीच्या फुलांसाठी ॲस्टर

चायना ॲस्टर पावसाळ्याच्या सुरुवातीला लावले, की दसरा-दिवाळीच्या तोडणीला येते. हार-तोरणांत शेवंतीच्या जोडीला त्याच्या पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या फुलांना मागणी असते. बी पेरल्यापासून फूल हाती यायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात, म्हणून पेरणीची तारीख सणापासून मागे मोजून धरावी. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. आदल्या वर्षीच्याच तारखेला बी टाकले, तर फुलांचा भर सणाआधीच ओसरायला लागतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले गणेश व्हाईट, पिंक, पर्पल आणि बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेचे कामिनी, पौर्णिमा, शशांक हे वाण प्रचलित आहेत. बी ताजेच घ्यावे. वर्षभर पडून राहिलेले बी फारसे उगवत नाही.

रोपे गादीवाफ्यावर करावीत. बोटभर अंतराच्या ओळींत बी विरळ पेरून वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा आणि झारीनेच पाणी घालावे. चार-पाच पाने फुटली, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात, रोपे लावणीला तयार होतात. लावणी दुपार कलल्यावर करावी.

जागा दिवसभर उन्हाची हवी. सावलीत झाड उंच वाढते, पण फुले विरळ धरतात. जमीन मध्यम आणि निचऱ्याची असावी. भारी काळ्या रानात ॲस्टर लावण्याचा मोह टाळलेलाच बरा. सरी-वरंब्यावर ३० सेंटिमीटर अंतराने, वरंब्याच्या बगलेला रोपे लावली, की पावसाचे पाणी सरीतून निघून जाते.

या पिकाचा खरा वैरी मर रोग. आधी झाडाच्या एका बाजूची पाने पिवळी पडतात, मग भर पाण्यातही झाड मान टाकते. बुडाशी खोड उभे चिरले, तर आत तपकिरी रेघ दिसते. अशा झाडावर औषध मारण्यात अर्थ नाही. ते मुळासकट उपटून जाळावे. या रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून त्याच रानात लागोपाठ ॲस्टर घेऊ नये. लावणीआधी ट्रायकोडर्मा मिसळलेले, चांगले कुजलेले शेणखत द्यावे. कच्चे शेणखत मात्र घालू नये.

लावणीनंतर महिन्याने मधला शेंडा खुडला, की बगलफांद्या फुटून फुले वाढतात. खुडणीने बहर थोडा लांबतो. पेरणीची तारीख काढताना तेवढे दिवस धरावेत. नत्राचा दुसरा हप्ता याच सुमारास खुरपणी करून द्यावा.

हारासाठी पूर्ण उमललेली फुले सकाळी, दव सुकल्यावर तोडावीत. ओली फुले करंडीत काळी पडतात आणि त्यांना भाव मिळत नाही.