आधी फाईल सोडव, मग सॉफ्टवेअर

पोरी, दुकानाची पाटी लावण्याआधी एक काम कर. जुन्या मालकाकडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये क्रॅक केलेलं जे जे असेल ते काढून टाक. चोरीच्या कोरलड्रॉला आणि फोटोशॉपला अपडेट मिळत नाही, आणि क्रॅकबरोबर आत काय घुसलंय याचा पत्ता लागत नाही. तुझ्या मशीनला दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागणार. आधार, पॅन, सातबारा सगळं तिथून जाणार. विकत घेणं परवडलं तर रीतसर घे. नाही परवडलं तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, आणि त्यावर डीटीपीचं दुकान नीट चालतं.

उतावीळपणा मात्र करू नकोस. लोक आधी सॉफ्टवेअर बदलतात आणि मग जुन्या फायली उघडेनात म्हणून कपाळाला हात लावतात. तू आधी फायली सोडव. जुनी संस्था दरवर्षी तोच अहवाल, तीच स्मरणिका घेऊन येते, म्हणजे खरी मिळकत त्या फायलींत आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी आपल्याकडे त्यातलं काम अजून पडून आहे. लिब्रेऑफिसमधलं ड्रॉ पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडतं. कोरलच्या सीडीआर फायलीही उघडतं. मांडणी इकडेतिकडे होते, पण मजकूर आणि चित्रं हाती लागतात.

तो मजकूर जुन्या फॉन्टातला असेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. घाबरू नकोस, तो युनिकोडमध्ये बदलून घे. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात. पण बदललेलं तसंच छापायला देऊ नकोस. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे कन्व्हर्टर नेमका तिथेच अडखळतो. ‘मार्मिक’ हा शब्द शोध, कारण त्यात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आहेत. मग ‘दुसऱ्या’ आणि ‘ऱ्हास’ बघ. हे तीन शब्द नीट आले तर बाकीचं बहुतेक नीट असतं. तरी प्रूफ वाचायचंच.

आता सॉफ्टवेअर. पत्रं, अर्ज, अहवाल यांसाठी लिब्रेऑफिस. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून ते उभं राहिलं, आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. ते टाकल्याबरोबर ऑप्शन्समध्ये जाऊन भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवड. हिंदी राहिलं तर ज्या फॉन्टात दोन्ही रूपांची सोय आहे त्यातही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. लग्नपत्रिकेवर मुलीचं नाव शलाका असेल तर आजोबांच्या नजरेतून ते सुटत नाही. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टकर्त्यांचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ घे. ते खुल्या परवान्यात आहेत, छापील कामाला वापरायला पैसे पडत नाहीत.

गिऱ्हाइकाला लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढून देताना ‘हायब्रिड पीडीएफ’वर खूण कर. मूळ फाईल त्या पीडीएफच्या पोटातच राहते. पुढच्या वर्षी तोच माणूस तीच पीडीएफ घेऊन आला की लिब्रेऑफिसमध्ये उघड आणि तारीख बदल.

पत्रिका, लेबल, लोगो यांना इंकस्केप. कोरलमध्ये हात बसलेला असेल तर पहिला आठवडा चिडचिड होईल, म्हणून लग्नसराईत कधी बदल करू नकोस. पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा कर. प्रेसला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून दे, पण कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेव. आणि हे नीट लक्षात ठेव: इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत निघते. चार रंगांच्या ऑफसेटला ती सरळ देऊ नकोस. चित्र स्क्रायबसमध्ये आण आणि तिथून सीएमवायके पीडीएफ काढ. पुस्तक, स्मरणिका, दिवाळी अंक हे सगळं स्क्रायबसचंच काम. पूर्वी त्यात मराठी जोडाक्षरं तुटायची, म्हणून आपल्या लोकांनी ते सोडून दिलं होतं. २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून पक्क्या आवृत्तीतही ती नीट जुळतात. कोणी जुनी तक्रार सांगितली तर आवृत्ती कोणती ते विचार.

फोटोला गिंप, हाताने चित्र काढायला क्रिता. व्हिडिओ बघायला व्हीएलसी, झिपला सेव्हन-झिप. यांत सांगण्यासारखं फारसं नाही, टाकायचं आणि वापरायचं. फक्त उतरवून घेताना गूगलच्या वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नकोस. लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, गिंप डॉट ऑर्ग असा मूळ पत्ता स्वतः टाइप कर. नकली पानांवरून भलतंच काही गळ्यात पडतं.

काही गोष्टी मात्र हलवू नकोस. जीएसटीचा हिशेब सीए ज्यात मागतो त्यातच ठेव. मॅक्रो भरलेली एक्सेल शीट लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये धड चालेलच असं नाही, आधी करून बघ. एखादी प्रेस इनडिझाइनच्याच फायलीवर अडून बसली तर तेवढ्यापुरतं महिन्याचं लायसन्स घे आणि तो खर्च बिलात लाव.

दुसऱ्या मशीनवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला. त्यावर विंडोज ११ चढत नसेल तर भंगारात देऊ नकोस. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घे आणि काही न पुसता तिथूनच चालवून बघ. प्रिंटर आणि स्कॅनर चालले तरच कायमचं टाक.

पहिल्या सीझनचे पैसे हाती आले की त्यातले थोडे या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पाला देणगी म्हणून पाठव. आणि लिब्रेऑफिसच्या मराठी मेनूत एखादा शब्द खटकला तर नुसती नावं ठेवू नकोस, दुरुस्ती सुचव. ते भाषांतर स्वयंसेवक करतात, आणि दिवसभर मराठी टाइप करणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाची तिथे गरज आहे.