घरगुती वीज बिल आणि छतावरील सौर संचाचे अनुदान

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी राज्यात एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू झाली. त्यामुळे घराचेही बिल माफ झाले, असा समज काही ठिकाणी आढळतो. तसे नाही. घराचे मीटर वेगळे, दर वेगळा, आणि थकबाकी साचली की जोडणीही तोडली जाते. घरगुती बिलासाठी मदत आहे ती छतावरील सौर संचाला मिळणाऱ्या अनुदानाची.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. हा शेवटचा आकडा ऐकून पुष्कळजण थेट ३ किलोवॅटची मागणी नोंदवतात. येथेच चूक होते. प्रथम वर्षभराची बिले काढून दरमहा सरासरी किती युनिट लागतात ते पाहावे.

१ किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज देतो, पावसाळ्यात कमी. समजा, आपला वापर १५० युनिट आहे. घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० हा टप्पा बराच महाग. संचाचे ११० युनिट वजा झाले की महागडे ५० युनिट आधी जातात आणि उरतात ४०, तेही स्वस्त टप्प्यातले. अशा घराला १ किलोवॅट पुरे. जास्तीची वीज पुढील बिलात वळती होते, परंतु वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा भाव आपल्या खरेदीदरापेक्षा कमीच असतो. शिवाय स्थिर आकार भरावा लागतोच. ‘शून्य बिल’ हे शब्द जपून ऐकावेत.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बॅटरी नसलेला संच गावची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. भारनियमनावर उपाय म्हणून संच घेणार असाल, तर आधी विचार करा.

अनुदान संच बसवून तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते. म्हणजे पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागते. ३ किलोवॅटपर्यंत बँका विनातारण कर्ज देतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये १ किलोवॅटला १७,५०० रुपयांचे जादा अनुदान मंजूर केले. आपण त्यात बसत असाल तर अर्जापूर्वी वीज कार्यालयात चौकशी करावी.

बऱ्याच घरांत मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. नाव बदलण्याचे काम आधी उरकावे, थकबाकीही भरावी, नाहीतर अर्ज अडकतो.

१ किलोवॅटसाठी छतावर सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा हवी. अंगणातल्या कडुलिंबाची सावली दुपारी कोठवर येते, ते हिवाळ्यातही पाहून ठेवावे. उसाचे पाचट जाळल्यावर काजळी आणि मळणीच्या दिवसांत भुसा पॅनेलवर बसतो. तो सकाळी ऊन चढण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावा. विहिरीचे पाणी खारे असल्यास लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, अन्यथा क्षाराचा पांढरा थर चढतो.