जुन्या जीपचे ऑइल गळते? आधी उगम शोधा, मग सील बदला

महिंद्रच्या जुन्या पेट्रोल जीपखाली सकाळी तेलाचे डाग दिसले की गॅरेजवाला वाकून पाहतो आणि सांगून टाकतो, ‘मागचे मेन सील गेले, मोठे काम आहे.’ मालक पैसे मोजतो. महिन्याभरात डाग पुन्हा हजर. मालकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नावही जाते. म्हणून गॅरेजचा धंदा करणाऱ्या आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या बंधूंनी हे काम मुळापासून समजून घ्यावे.

हे सील म्हणजे काय?

या जीपचे चार सिलिंडरचे इंजिन मूळ अमेरिकेच्या विलिस कंपनीचे, १३४ घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे. क्रँकशाफ्ट जिथे इंजिनाच्या मागून बाहेर येऊन फ्लायव्हीलला जोडला जातो, तिथे तेल अडवण्यासाठी हे सील बसवलेले असते. ते दोन अर्ध्या तुकड्यांचे असते. वरचा तुकडा ब्लॉकमध्ये आणि खालचा मेन बेअरिंगच्या कॅपमध्ये. जुन्या इंजिनांत हे सील दोरीचे असे. विणकर बंधूंना सांगायचे तर ग्रॅफाइट मुरवलेली घट्ट विणीची दोरीच. नंतर ओठ असलेले रबरी सील आले.

सीलमागेच क्लच आहे, हे विसरू नये. तेल क्लच प्लेटवर गेले की प्लेट घसरते. भरलेली गाडी घाट चढताना इंजिन ओरडते, पण गाडी पुढे सरकत नाही. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन चार दिवस निघतात. ती बदलणेच बरे.

आधी तपास

तेल वरून खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे गळती कुठलीही असो, थेंब मागेच पडतो. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, थोडे चालवावे आणि बॅटरी घेऊन वरून खाली पाहत यावे. वरच्या व बाजूच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, पेट्रोल पंपाचे पॅकिंग, फिल्टरच्या नळ्या आणि चेंबरचे पॅकिंग, ही ठिकाणे आधी बघावीत. तेल जाड असून गंधकासारखा वास येत असेल तर ते गिअर बॉक्सचे आहे. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये एक पत्र्याचा प्लग असतो. तो गळला तरी तेल सीलच्याच जागेतून आल्यासारखे दिसते. गिअर बॉक्स आणि फ्लायव्हील उतरवले असेल, तेव्हा तो जरूर पाहावा.

सील खरोखर गळत असेल तरी ते का गळते, हा प्रश्न उरतोच. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढा. धूर फुसफुसत असेल तर आत दाब साठतो आहे. ब्रीदरची नळी किंवा व्हॉल्व्ह तुंबलेला असेल तर साफ करावा. पुष्कळदा एवढ्यानेच गळती कमी होते. ब्रीदर साफ असूनही धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. दुसरे कारण मेन बेअरिंगची झीज. शाफ्टच डुगडुगत असेल तर नवे सील फार काळ टिकणार नाही. असे असेल तर गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

काम कसे करावे

इंजिन न उतरवताही हे काम होते. तेल काढून चेंबर उतरवावे. मागची कॅप काढावी आणि बाकीच्या कॅपचे बोल्ट थोडे ढिले करावेत, म्हणजे शाफ्ट किंचित खाली येतो. वरचा तुकडा एका बाजूने पितळी सळईने हळू ठोकावा आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढावा. लोखंडी सळई वापरू नये, शाफ्टला ओरखडा पडेल. सील जिथे घासते तिथे गंज किंवा खाच असेल तर नवे सीलही कापले जाईल. जुन्या दोरीत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. खोबण हवेने फुंकू नये. तेलाने ओली करून पुसावी.

रबरी सीलचा ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला, तेलाकडे असावा आणि बसवताना त्याला तेल लावावे. दोरीचे सील तेलात भिजवून, गोल दांड्याने दाबत खोबणीत बसवावे. टोके धारदार पात्याने नीट कापावीत. कॅपखाली एक धागाही अडकला तर कॅप बसत नाही आणि बेअरिंगचे माप चुकते.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. मागच्या कॅपच्या दोन्ही बाजूंना रबराच्या दोन पट्ट्या असतात. त्या सुमारे पाव इंच बाहेर राहाव्यात, म्हणजे चेंबर आवळल्यावर दाबल्या जाऊन फट बंद होते. सील नवे आणि पट्ट्या जुन्या, असे केले तर गळती तशीच राहील. कॅप अदलाबदल करू नयेत. त्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने ६५ ते ७५ फूट-पौंड आवळावेत. नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

काम झाल्यावर काढलेले सील आणि पट्ट्या गिऱ्हाइकाच्या हातात द्याव्यात. काय सापडले आणि काय बदलले, ते बिलावर लिहावे. फक्त ब्रीदर साफ करून काम भागले असेल तर तेवढेच पैसे घ्यावेत. त्या दिवशी कमाई थोडी कमी होईल, पण पुढच्या वेळी तो गिऱ्हाईक दुसऱ्याला सोबत घेऊन येईल.